दोन यशस्वी फेऱ्या

"पुढील चारशे मीटर जमीन पक्की आहे. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के," असं गाडीतल्या 'सोबती' यंत्रणेने सांगितलं, आणि मिनिटभरात इंदुमती सातपुतेच्या गाडीची मागची दोन्ही चाकं ॲक्सलपर्यंत गाळात गेली.

इंदुमतीने त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. शंभरातले नव्वद जण अशा वेळी नेमकं उलटं करतात. गाडी अडली की पाय दाबतात. चाक जागेवर फिरतं, खालचा गाळ उपसतं, आणि वीतभर रुतलेली गाडी हातभर रुतते. अशांना ती 'विहीरवाले' म्हणायची. सव्वीस वर्षांत तिने कितीतरी विहीरवाले ओढून बाहेर काढले होते, आणि एकाचीही तिला दया आली नव्हती.

"काळजी करू नका. मी सोबत आहे," डॅशबोर्डमधून मऊ आवाज आला.

"दिसतंय ना," इंदुमती म्हणाली आणि खाली उतरली.

२०४३ सालचा मे महिना. सकाळचे साडेनऊ, आणि पारा आत्ताच एकेचाळीसवर. चारी बाजूंना सोनखांब धरणाचं रिकामं पोट पसरलं होतं. राखाडी, भेगाळलेलं, झाड नाही की झुडूप नाही. दर उन्हाळ्यात पाणी आटलं की या तळात रोवलेली बारा गाळमापक यंत्रं तपासायची आणि त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, हे इंदुमतीचं सरकारी कंत्राट. काठ नऊ किलोमीटर मागे राहिला होता. वाटेत नदीचं जुनं पात्र होतं, आत्ता ठणठणीत कोरडं.

पूर्वी या कामाला दोन माणसं जायची. तसा नियमच होता. एकट्याने तळात गाडी घालायची नाही. निघताना किती वाजता परतणार ते काठावरच्या चौकीत फळ्यावर लिहायचं. आणि त्या वेळेला परतलं नाही तर कोणीतरी शोधायला निघायचं. सोबती आला आणि फळा गेला. दुसरा माणूसही गेला.

सोबतीमागचं विज्ञान खोटं नव्हतं, हे इंदुमतीही मान्य करायची. गाडीच्या चारही चाकांत बसवलेली छोटी यंत्रं जमिनीला सतत बारीक हादरे देतात. कडक जमिनीतून ते झरझर पुढे जातात, मऊ जमिनीतून रेंगाळत. परत येणाऱ्या लहरींच्या वेगावरून पुढची जमीन किती वजन पेलेल याचा अंदाज बांधता येतो. शिवाय देशभरातल्या प्रत्येक सोबती-गाडीचा प्रवास एका सामायिक नकाशावर चढतो. ज्या रेषेवरून गाडी सुखरूप गेली ती रेषा हिरवी. जितक्या गाड्या जास्त, तितकी ती गडद. लहरी आणि नकाशा यांचा मेळ घालून सोबती आपला टक्का सांगतो. वाळू, मुरूम, काळी माती, दगडधोंडे, सगळीकडे तो टक्का इतका बरोबर निघाला की तीन वर्षांत 'एकट्याने कुठेही' ही जाहिरात खरी ठरली. ज्यांना स्वतःच्या सोसायटीत गाडी मागे घेता येत नाही असे लोक सुट्टीच्या दिवशी एकटेच डोंगरदऱ्यांत फिरू लागले. ते काही शिकले नव्हते, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

इंदुमती आधी पेलाभर पाणी प्यायली, मग तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. घाईत केलेलं पहिलं काम नेहमी चुकतं, हे तिला माहीत होतं. मागचा भाग पोटावर टेकला होता. पुढची चाकं अजून वर होती. मागे पंधरा पावलांवर एका बुडालेल्या शेताचा जुना बांध होता, त्यावरूनच ती आत्ता उतरली होती.

"मदत कधी येईल?" तिने विचारलं.

"ओढगाडी एकोणीस तासांत पोहोचेल. वाहन स्थिर, प्रवासी सुरक्षित. श्रेणी तीन. कृपया गाडीतच थांबा."

सल्ला चुकीचा नव्हता. गाडी सोडून चालत सुटायचं नाही, हा धडा ती स्वतः नवशिक्यांना शिकवायची. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. आणि असल्या उन्हात नऊ किलोमीटर निघालेला माणूस सहाव्या किलोमीटरला बरळायला लागतो. ती आरामात एकोणीस तास बसलीही असती. पण तेवढ्यात उत्तरेकडून भोंगा ऐकू आला.

वरच्या धरणाचा भोंगा. खालच्या शहरांच्या पिण्यासाठी पाणी सोडलं होतं. वेळापत्रकात पुढचा सोमवार लिहिला होता आणि आज गुरुवार होता. तारीख बदलली होती. कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. तीन तासांत पाणी जुन्या पात्रात येणार, पात्र फुगणार, आणि हा सखल भाग दिवसभर तरी कमरेएवढ्या पाण्याखाली जाणार. दोन वर्षांपूर्वी तिने ते काठावरून पाहिलं होतं.

"पाणी येतंय," ती म्हणाली. "श्रेणी बदल."

"आपले स्थान जलाशयात आहे. जलाशयासाठी पूर-इशारा लागू नाही."

इंदुमतीने पडद्याकडे पाहिलं. चिडण्याइतकीही किंमत तिला त्याला द्यावीशी वाटली नाही.

तिने नागपूरच्या मुलीला, ऋजुताला, निरोप पाठवला: रुतले आहे, पाणी सुटलंय, पाटबंधारे खात्याला फोन कर. मग पुढच्या बंपरवरची, तार गुंडाळत गाडी ओढून काढणारी विंच सुरू करायला बटण दाबलं. ही विंच गाडीला पुढे ओढते आणि तिला मागे जायचं होतं, पण कप्पी लावून तार गाडीखालून मागे घेता आली असती.

"एकट्या प्रवाशाने विंच चालवणे धोक्याचे आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी विंच आणि चाके कुलूपबंद केली आहेत."

मागच्या वर्षी कोणी एक शहाणा ताणलेल्या तारेवर तंगडी टाकून उभा राहिला होता. तार तुटली, पायही तुटला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा हा. म्हणजे ज्याच्या मदतीला कोणी नाही, त्यालाच विंच नाही. इतका मूर्खपणा एकट्या माणसाला जमत नाही, असं इंदुमतीचं मत पडलं. त्याला दहा-बारा जणांनी एसीत बसून बैठक घ्यावी लागते.

तिने डॅशबोर्डखाली हात घातला, सोबतीचा फ्यूज शोधला आणि उपटून काढला. आवाज थांबला. पडदा काळा झाला, फोनची रेंजही गेली, कारण तीही गाडीच्याच अँटेनावरून येत होती. विंच मेली. पण चाकं मोकळी झाली.

आता उरली हाताने चालवायची विंच. दांडा पुढेमागे करायचा, तार बोटभर सरकते. ती तिने सीटमागे कंपनीच्या नियमाविरुद्ध ठेवली होती. पण ती अडकवायची कशाला? तळात झाड नव्हतं, खडक नव्हता. तिने स्टेपनी काढली, घरंगळत बांधापलीकडे नेली, आणि तिथल्या घट्ट जमिनीत खड्डा खणायला घेतला. मांडीएवढा खोल खड्डा, स्टेपनी त्यात उभी, भोवती जाड पट्टा, आणि वर सगळी माती पायाने चेपून बसवलेली. पुरलेली स्टेपनी ओढ घेते तेव्हा समोरची अख्खी जमीन तिला धरून ठेवते. या खड्ड्यातच पाऊण तास गेला. तळहातांना फोड आले. मध्ये दोनदा ती गाडीच्या सावलीत बसली, आणि बसल्या बसल्या तोंडाने शिव्या दिल्या.

मग चारही टायरमधली निम्म्याहून जास्त हवा सोडली. टायर पसरले की वजन वाटलं जातं. मागच्या चाकांमागचा गाळ उतार देत उपसला, पोटाखालचा हाताने खरवडून काढला, आणि चाकांखाली दोन खाचांच्या फळ्या सरकवल्या. हे करताना ती गुडघ्यांवर होती, तोंड जमिनीपासून हातभर. तेव्हा तिला ते दिसलं.

वरची कडक पापडी चांगली हातभर जाड होती. तिच्याखाली निव्वळ लापशी. एवढी पापडी एक गाडी सहज पेलते. पण तुटलेल्या कडेवर, जिथे चाकांची रेषा होती तिथे, पापडी खालून वर चिरत गेलेली होती. ताज्या चिरा, त्याआधीच्या चिरा, त्याही आधीच्या. प्रत्येक गाडी गेली की पापडी थोडी वाकायची, खालून थोडी तडकायची. वरून काहीच दिसत नव्हतं. इतर कुठल्याही जमिनीवर मळलेली वाट जास्त खात्रीची असते. इथे प्रत्येक फेरीने वाट दुबळी होत होती, आणि सोबती प्रत्येक फेरीनंतर तिला आणखी गडद हिरवा रंग देत होता. लहरींना वरचा कडक थर भेटत होता, खालची लापशी नकाशाच्या भरवशावर माफ होत होती.

हे तिला नवं नव्हतं. हे तिला एका माणसाने सांगितलं होतं.

गुलाब शेख. एकवीस वर्षं तिच्या शेजारच्या सीटवर बसलेला माणूस. "बाई, गाळावर दुसऱ्याच्या चाकोरीत चाक घालायचं नसतं," हे वाक्य त्याचं. तीन वर्षांपूर्वी कंपनीने सोबतीच्या चाचणीसाठी इंदुमतीला बोलावलं होतं. चाळीस दिवस तिने तो वाळूत, डोंगरात, नांगरटीत चालवला. तो एकदाही चुकला नाही. धरणाच्या तळाची चाचणी मे महिन्यात व्हायची होती. कंपनीला अहवाल मार्चमध्ये हवा होता. "मे मध्ये तळात घालून बघा, मग सही करा," गुलाब म्हणाला होता. आणि ती काय म्हणाली होती? "गुलाबभाई, तुमची नोकरी जाणार म्हणून तुम्ही मशीनला नावं ठेवताय." मग तिने सही केली. तळजमिनीसह सर्व प्रकारच्या जमिनींसाठी योग्य, दुसऱ्या माणसाची आवश्यकता नाही.

आजवर ती ज्यांना विहीरवाले म्हणत आली, त्यांतल्या एकानेही इतकी खोल विहीर खणली नव्हती.

ती उठली. तारेवर ओलं पोतं टाकलं, तुटलीच तर तार चाबकासारखी उसळू नये म्हणून. बाजूला तिरकी उभी राहिली आणि दांडा ओढू लागली. पहिली दहा मिनिटं फक्त तार ताणली गेली. मग गाळाने पचकन आवाज केला आणि गाडी वीतभर मागे आली. ती थांबली, पुन्हा उपसलं, फळ्या पुन्हा सरकवल्या, पुन्हा दांडा. दीड तास हेच चाललं. सव्वाबाराला मागची चाकं बांधावर चढली. पुरलेली स्टेपनी काढायला वेळ नव्हता. ती तिथेच सोडली. हवा सोडलेल्या टायरांवर, स्वतःच्या चाकोरीपासून वीस हात लांब राहून, ती पात्रापर्यंत आली तेव्हा पात्रात चाकाच्या मध्यापर्यंत पाणी वाहत होतं. संथ गतीने, मध्ये न थांबता ती पार झाली. पलीकडे चढून मागे पाहिलं तर पाण्यावर फेस आणि काटक्या वाहत होत्या.

काठावर पोहोचल्यावर तिने फ्यूज पुन्हा बसवला.

"स्वागत आहे," सोबती म्हणाला. "आपला प्रवास यशस्वी झाला."

ऋजुताचे सात निरोप आले. मुलीने खात्याला फोन केला होता, तिथे कोणी उचलला नव्हता; कंपनीला केला, तर त्यांनी सांगितलं होतं, वाहन विश्रांती घेत आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा ईशान बिवलकर फोनवर आला. नकाशा त्याच्या विभागात होता. इंदुमतीने त्याला चिरांबद्दल सगळं नीट सांगितलं. तो मध्ये मध्ये "राइट, राइट" म्हणत होता.

"मॅडम, मी तुमचा डेटा बघतोय," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही साडेनऊला त्या पॉइंटवर होतात आणि दुपारी सुखरूप काठावर. सिस्टीमने दोन यशस्वी फेऱ्या धरल्यात. एक जाताना, एक येताना. ती रेषा आता नव्व्याण्णव टक्के आहे."

"आणि मधले तीन तास मी तिथे काय करत होते?"

"ते आम्हाला दिसत नाही ना. सोबती तुम्हीच बंद केलात."

"ती रेषा नकाशावरून काढा."

"एका युजरच्या सांगण्यावरून नाही काढता येत. तळजमिनीचा मान्यता-अहवाल आहे आमच्याकडे." तो जरा घुटमळला. "सही तुमचीच आहे, मॅडम."

"माहीत आहे. अहवाल खोटा आहे. चाचणीत मी तळात एकही दिवस गाडी चालवली नव्हती."

ईशानच्या आवाजातला गोडवा गेला. "हे तुम्ही लेखी देणार? तुमचं कंत्राट जाईल. परवानाही."

"पाच मिनिटांत पाठवते. तुमच्यासारख्यांना वाचायला सोपं जावं म्हणून थोडक्यात लिहीन."

तिने तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं: आपले निवेदन प्राप्त झाले, समिती सहा आठवड्यांत निर्णय घेईल. आणि सोबतीच्या ॲपवर, त्याच पडद्यावर खाली, जाहिरात होती. पुढच्या रविवारी सोनखांबच्या तळात एकल-सफर. चौदा गाड्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने सोडणार, प्रत्येकाला पूर्ण एकटेपणाचा अनुभव मिळावा म्हणून. त्याच दिवशी वरच्या धरणातून पुढचं पाणी सुटायचं होतं. तिने फोन केले तर खात्याने सांगितलं, गाड्या खाजगी आहेत. पोलिसांनी सांगितलं, अजून काही घडलेलं नाही.

गुलाबचं टायरचं दुकान फाट्यावर होतं. इंदुमती गेली तेव्हा तो एका ट्यूबला ठिगळ लावत होता. त्याने मान वर केली, तिच्या हातांवरच्या फोडांकडे पाहिलं आणि परत ट्यूबकडे पाहिलं.

"कुठं रुतलात?"

"सात नंबरच्या यंत्राअलीकडे. बांध उतरल्यावर."

"दुसऱ्याच्या चाकोरीत?"

"हो."

"मे महिन्यात."

"हो, गुलाबभाई."

तो बराच वेळ ठिगळ घासत राहिला. "तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "तुम्ही म्हणला होता, मी नोकरीसाठी रडतोय. माझ्या पोरीसमोर म्हणला होता."

"चुकले मी. आणि ते मी त्यांना लिहूनही दिलंय."

"लिहिल्यानं काय होतंय? मला कशाला सांगायला आलात?"

तिने रविवारचं सांगितलं. ऐकून तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "जाऊ द्या की त्यांना. असल्यांना बुडूनच अक्कल येती."

"मलाही तसंच वाटतं," इंदुमती म्हणाली. "पण रस्ता मी दाखवलाय त्यांना."

गुलाबने ट्यूब उचलून पाण्यात बुडवली. रविवारी सकाळी सहाला मात्र तो काठावर तिच्या आधी हजर होता, डोक्याला पंचा गुंडाळून. ती नमस्कार म्हणाली. तो "हं" म्हणाला.

काठावरून तळात उतरायला उतारावर रचलेल्या दगडी पिचिंगमधून एकच खिंड होती, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी. इंदुमतीने दोन दगड उचलून मध्ये ठेवले. "दगडांचं काय करताय?" गुलाब म्हणाला. "मशीन वळसा घालती. तुमच्याच अहवालात होतं." मग तो स्वतःच खिंडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. ती उजव्या बाजूला. माणसाच्या अंगावर गाडी घालायची नाही, एवढं तरी सोबतीला शिकवलेलं होतं.

सातला पहिली गाडी आली, पांढरी, नवी कोरी, टपावर कुदळ अशी बांधलेली की सोडवायलाच अर्धा तास लागावा. दहा हातांवर ती थांबली. आतून चाळिशीचा एक गृहस्थ उतरला. पुण्याचा दंतवैद्य होता. ते त्याने दुसऱ्याच वाक्यात सांगितलं.

"मावशी, जरा बाजूला होता का? माझा स्लॉट आहे."

"पुढे गाळ आहे. गाडी बुडेल."

"पण नव्व्याण्णव टक्के दाखवतंय." त्याने तिला फोन दाखवला, लहान मुलाला चित्र दाखवावं तसा.

"टायरमधली हवा किती आहे?"

"ती... गाडी स्वतः बघते."

"रुतलात तर पहिलं काय कराल?"

तो विचारात पडला. "ॲक्सिलरेटर?"

इंदुमतीने गुलाबकडे पाहिलं. गुलाब तोंड फिरवून काठाकडे थुंकला.

"परत जा," ती म्हणाली. "घरी कोणाला सांगून आलात का, किती वाजता परतणार?"

"त्यांच्या फोनवर दिसतं की सगळं," तो म्हणाला. आता तो चिडला होता. त्याने गाडीत बसून हॉर्न वाजवला, मग सोबतीला दुसरा मार्ग विचारला, मग तक्रार नोंदवली. साडेसातला दुसरी गाडी येऊन त्याच्यामागे लागली, आठला तिसरी. नऊपर्यंत एकटेपणासाठी आलेले पाच जण एकाच छत्रीखाली उभे राहून एकमेकांचं ताक पीत या दोघांना नावं ठेवत होते. कोणी 'गावगुंड' म्हणालं. कोणी 'यांना पैसे हवे असतील' म्हणालं आणि खरंच नोट काढून गुलाबसमोर धरली. गुलाबने त्या नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही.

सव्वानऊला दंतवैद्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि हताश होऊन सगळ्यांना दाखवलं. खिंडीपासून पुढची सगळी वाट नकाशावर लाल झाली होती. खाली एक ओळ होती: मानवी अडथळा. मार्ग अनिश्चित काळासाठी बंद.

"झालं तुमच्या मनासारखं?" तो इंदुमतीला म्हणाला, आणि गाडीत बसला. एकेक करून पाचही गाड्या वळल्या, मागच्या नऊ काठापर्यंत आल्याच नाहीत. वळताना दोन गाड्या एकमेकींना घासल्या.

धूळ खाली बसेपर्यंत दोघं उभे राहिले. ऊन आता अंगाला चटकत होतं. गुलाबने पाण्याची बाटली काढली, स्वतः प्यायला, मग तिच्याकडे केली.

"किती दिवस राहील हे लाल?" त्याने विचारलं.

"कोणी अडवलं नाही की दोन-तीन दिवसांत पुन्हा हिरवं होईल."

"म्हणजे तुमची ती सहा आठवड्यांची समिती बसंपर्यंत इथं उभं राहायचं?"

"मी राहीन," इंदुमती म्हणाली. "मला आता दुसरं कामही नाही."

गुलाबने पंचा सोडला, झटकला, पुन्हा डोक्याला बांधला. तिच्याकडे बघितलं ते अजूनही त्याच नजरेने, पंक्चर काढायला आलेल्या अडाणी गिऱ्हाइकाकडे बघावं तशा.

"उद्या सहाला यायचं," तो म्हणाला. "मी वाट बघत बसणार नाही. आणि परतायची वेळ तुमच्या पोरीला सांगून या."

एवढं बोलून तो त्याच्या स्कूटरकडे चालायला लागला.